घर आहे, भाट (नारळाची बाग) आहे, मग रिटायरमेंटचं कसलं टेन्शन? या चुका टाळा

गोव्यात रिटायरमेंटचा विषय काढला की उत्तर ठरलेलं, "घर आपलंच, नारळ पडतात, पोर बोटीवर नोकरीला आहे, आणखी काय पाहिजे?" खोटं काही नाही यात, पण फार्मसीवाला नारळ घेत नाही, त्याला दर महिन्याला रोख लागते आणि बहुतेकांचं गणित फसतं ते इथेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वडिलोपार्जित घर आणि भाट सेव्हिंगमध्ये धरणं. "वेळ आली तर एक तुकडा विकू" म्हणणाऱ्यांनी आधी एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाच्या नावावर आहे ती सरकारी नोंद) काढून त्यावर नावं किती आहेत ती मोजावीत. आजोबा गेल्यावर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, झालीच नसेल तर मुंबईचा काका, पोर्तुगालला गेलेली चुलतबहीण, सगळे हिस्सेदार. त्यात आपला गोव्याचा सिव्हिल कोड, म्हणजे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवराबायकोची अर्धी-अर्धी, एकट्याच्या सहीने घर विकता येत नाही आणि मृत्युपत्र केलं तरी मुलांचा कायद्याने ठरलेला अर्धा वाटा त्यांचाच. रिव्हर्स मॉर्गेज (घर गहाण ठेवून बँकेकडून खर्चाला पैसे घेणं) म्हणाल तर ते स्वतः घेतलेल्या, क्लिअर टायटलच्या घरावर मिळतं, पाच चुलत्यांच्या सामायिक वाड्यावर नाही. म्हणून इन्व्हेंटरी पन्नाशीतच हातात घ्या, कोर्टाचं काम आहे, वर्षं जातात, आणि सत्तरीत वकिलाच्या फेऱ्या कोण मारणार? जमिनीचे पैसे आले तर बोनस, बजेटमध्ये धरू नका.

दुसरं, नोकरी बदलली की पीएफ काढून मोकळं होणं. वेर्णा, कुंडईच्या कंपन्यांत हे सर्रास चालतं, इकडे सोडलं तिकडे लागलं आणि मधल्या पीएफची बाईक आली. पाच वर्षं सलग व्हायच्या आधी काढला तर टॅक्स लागतो हे एक, पण खरं नुकसान पेन्शनचं. ईपीएस, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेला, दहा वर्षं सर्व्हिस लागते, ती पैसे काढल्यावर पुन्हा शून्यापासून मोजायची. ट्रान्सफर केलात तर जुनी वर्षं धरली जातात.

आणि ईपीएस पेन्शनवर घर चालेल असंही समजू नका हां. पेन्शनपात्र पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं भागिले 70, असा फॉर्म्युला आहे, पगाराची मर्यादा 15,000 धरली तर तीस वर्षं राबूनही महिन्याला सात हजारांच्या आतच. गोवा सरकारची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना महिना 2,000 देते, तीही पात्र असाल तर. आता खर्चाकडे बघा, आज घराला महिना 40,000 लागत असतील आणि महागाई 6 टक्के धरली तर वीस वर्षांनी तेच घर चालवायला सव्वा लाखाच्या वर लागतात, आणि त्यात चवथीचा खर्च, लग्नांचे आहेर वेगळे.

बोटीवाल्यांचं आणखी वेगळं. कॉन्ट्रॅक्टवर डॉलर येतात, घरावर दुसरा मजला चढतो, पण पीएफ बहुतेकांना नसतो. कमाई कायम चालेल असं धरून कर्ज काढणं किती महाग पडतं ते 2012 आणि 2018 ला खाणी बंद झाल्यावर डिचोली, सांगेच्या ट्रकवाल्यांनी बघितलंय. कॉन्ट्रॅक्टचे पैसे आल्या आल्या एक हिस्सा पीपीएफ, एनपीएस (सरकारी बचत आणि पेन्शन योजना) किंवा म्युच्युअल फंडात टाका, टाइल्स नंतर निवडा.

सगळी पुंजी एकाच बँकेत हीसुद्धा चूकच. म्हापसा अर्बन बँकेचं लायसन्स 2020 ला आणि मडगाव अर्बन बँकेचं 2021 ला रद्द झालं. ठेवविमा एका बँकेत व्याज धरून 5 लाखांपर्यंतच, आणि पतसंस्थेला तर हा विमा लागूच नाही, मग मॅनेजर कितीही ओळखीचा असूदे. साठीनंतर पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम आहे, प्रत्येकी 30 लाखांपर्यंत, दर तीन महिन्यांनी व्याज. जाता जाता, सिव्हिल कोडमुळे भाडं आणि एफडीच्या व्याजाचं उत्पन्न टॅक्ससाठी नवराबायकोत अर्धं-अर्धं धरलं जातं (पगार नाही), रिटर्न भरताना बऱ्याच जणांचं हे राहून जातं.

पन्नाशी उलटली आणि हातात काहीच नाही? पहिलं काम जुने पीएफ शोधा. यूएएनने (पीएफचा कायमचा नंबर) लॉगिन करून बघा, क्लेम अडकतो तो बहुतेक नावामुळे, जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज स्पेलिंगचं, आधारवर वेगळं, पॅनवर तिसरंच. आधी आधार आणि पॅन जुळवा, मग पीएफमधलं नाव दुरुस्त करून घ्या, आणि सगळी खाती एकत्र झाली की पगारातून जास्तीचा पीएफ, म्हणजे व्हीपीएफ, कापायला एचआरला सांगा.