काळं इंजिन, काळा दगड: हौशी फोटोग्राफरांनो, या चुका टाळा

बेळगावात राहून वाफेच्या इंजिनांची हौस करायची, तर इथे आता वाफ उरलेली नाही हे आधी मान्य करून टाका. लोंढा, कॅसलरॉककडचं मीटर गेज, म्हणजे एक मीटर रुंदीचा जुना लोहमार्ग, नव्वदच्या दशकात गेलं. तरी दर पावसाळ्यात दूधसागरच्या दिशेने रुळांवरून चालत निघणारी टोळकी काही कमी होत नाहीत. या छंदातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचं एक वेळ सोडा, पण घाटातली वळणं, बोगदे आणि पाण्याचा आवाज यात मागून येणारी गाडी कळत नाही.

चालतं इंजिन हवं तर तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरी रेल्वेला जा, उभं हवं तर म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात. सराव मात्र इथल्या देवळांवर करा. काळं इंजिन आणि काळा दगड, कॅमेऱ्याला दोन्ही सारखेच अवघड जातात.

"काळं इंजिन राखाडी का येतं?" हा प्रश्न नवखा माणूस हमखास विचारतो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून हिशोब करतो. चौकटभर काळं दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी आहे, मग तो फोटो उजळ करतो. काळा रंग धुरकट होतो आणि वाफ पांढरीफटक. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करायची सोय, उणे ०.७ ते उणे १ वर आणा. फोनवर इंजिनावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह खाली ओढलं की तेच काम होतं. वाफेतला तपशील एकदा जळाला की परत येत नाही, काळ्यातला मात्र रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून, बराच उपसता येतो. म्हणून आधी वाफ सांभाळायची.

मात्र पावसाळी आभाळ चौकटीत आलं की हिशोब उलटतो. पांढऱ्या ढगांपुढे देवळाचं शिखर कोळशासारखं दिसतं, तिथे अधिक १ लागेल. ठरावीक आकडा पाठ करून जाणाऱ्यांची फसगत होते ती इथेच.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत दुसरीच गंमत. १२०४ सालचं, रट्ट राजघराण्याच्या काळातलं हे जैन मंदिर. मुखमंडपाच्या छतातून दगडी कमळ उलटं लटकलेलं आहे. लोक खालून मान वाकडी करून, हात वर करून फोटो काढतात. कमळ लंबगोल येतं आणि हलतंही. ट्रायपॉड आणला तर परवानगीचा प्रश्न. सोपा उपाय असा: फोन पाठीवर, म्हणजे स्क्रीन वर करून, फरशीवर ठेवा, सेल्फी कॅमेरा चालू करा, टायमर लावा आणि बाजूला व्हा. फोन बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवत कमळाचा गाभा स्क्रीनच्या बरोबर मध्ये आणा. पाकळ्या चहूबाजूंनी सारख्या दिसल्या की झालं. फ्लॅश बंदच ठेवा, नाहीतर कोरीवकामातल्या सावल्या पुसल्या जातात आणि फोटोतलं कमळ सपाट होतं. घासून गुळगुळीत केलेल्या खांबांचा फोटो घेताना पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावू नका, त्यांची चमकच तर टिपायची आहे. मंदिरात पूजाअर्चा चालते, तेव्हा आधी विचारा. आणि किल्ल्यात लष्कराच्या इमारती आहेत, कॅमेरा तिकडे वळवू नका.

हलशीला, खानापूर तालुक्यात, भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. बहुतेक जण एका गाभाऱ्याकडे तोंड करून फोटो काढतात, म्हणजे दुसऱ्याकडे पाठ. देवळाची खुबी नेमकी तिथेच हुकते. मंडपाच्या बाजूला सरकून दोन्ही दारं एकाच चौकटीत येतात का ते बघा. बाहेरून शिखर टिपताना कॅमेरा वर वाकवला की भिंती आत कललेल्या दिसतात. मागे जा, कॅमेरा सरळ धरा, खालची जास्तीची जमीन नंतर कापा.

निलगिरीला जाणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे चढावर गाडीच्या तोंडाशी इंजिनाची वाट बघत बसणं. तिथलं इंजिन चढताना गाडीला मागून ढकलतं. डबे आधी, इंजिन शेवटी. मेट्टुपाळयम ते कुन्नूर हा वाफेचा टप्पा आहे, तिथून उटीकडे सहसा डिझेल असतं. सकाळची थंड हवा गाठा, कारण भर उन्हात वाफ चिमणीपासून थोड्याच अंतरावर विरते. स्थानकातून गाडी सुटताना सिलिंडरमधलं साचलेलं पाणी बाहेर सोडतात, तेव्हा चाकांजवळ वाफेचा लोट उठतो. अगदी बाजूला उभे राहिलात तर सगळा फोटो पांढरा. थोडं पुढे, फलाटाच्या आतल्या बाजूला थांबा. चाकं जोडणारा दांडा सर्वांत खाली असतानाचा फोटो जाणकार पसंत करतात, म्हणून एकावर न थांबता सलग फोटो घ्या, शटर १/५०० किंवा त्याहून जलद.

राहता राहिला आपल्याकडचा पाऊस. खानापूरच्या जंगलात भिजून आलेली बॅग तशीच कपाटात गेली तर लेन्समध्ये बुरशी धरते. कातडी कव्हर काढून टाका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून त्यात लेन्स ठेवा, आणि गोळ्यांचा रंग बदलला की त्या सुकवा. एसी गाडीतून उतरताच लेन्सवर धुकं धरतं, तेव्हा कॅमेरा बंद बॅगेतच बाहेरच्या हवेला येऊ द्या. तेवढ्यात चहा होतो.