जुन्या टर्बो गाडीचा फ्युएल पंप बदलताय? या चुका टाळा

गाडी चढाला ओढत नाही, की निकाल तयार असतो: टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणारा फ्युएल पंप गेला. मग नाना पेठेतून पंप आणायचा, मागचं सीट उचलायचं, तासाभरात बसवून मोकळं व्हायचं आणि पुढच्या रविवारी खंबाटकीत गाडीने पुन्हा मान टाकली की टर्बोला शिव्या घालायच्या. जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसवाल्यांचं हे प्रकरण इतक्यांदा पाहिलंय, की ‘काका, पंप टाकून द्या’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, प्रेशर मोजलं का? उत्तर ठरलेलं: ‘नाही, पण पंपाचा आवाज येतोय ना.’

आवाजावरून पंपाची तब्येत सांगणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

या १.८ टर्बो इंजिनात पेट्रोलचं प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डवरून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांवरून, एक नळी येते. मॅनिफोल्डमध्ये जे काही प्रेशर असेल, त्याच्या वर ३ बार (बार म्हणजे प्रेशरचं माप) रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीत, टिकवायचं, एवढंच रेग्युलेटरचं काम. आयडलला, गाडी जागेवर चालू असताना, तिथे व्हॅक्यूम असतो, म्हणून प्रेशरचं गेज साधारण अडीच दाखवतं. ती नळी काढली की ३. पण टर्बोने ०.७ बार बूस्ट दिला, म्हणजे हवा तेवढ्या दाबाने आत ढकलली, की रेलमध्ये ३.७ लागतं, तेही इंजिन सगळ्यात जास्त पेट्रोल पीत असताना. म्हणून दमलेला पंप लक्ष्मी रोडच्या गर्दीत कुरकुरत नाही, घाटात उघडा पडतो. आणि बूस्टमध्ये पेट्रोल कमी पडणं म्हणजे नुसतं पिकअप जाणं नव्हे. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, नॉकिंग होतं, म्हणजे ते अवेळी पेटून ठोके बसतात, आणि तसंच दामटत राहिलात तर पिस्टनवर बेततं.

तेव्हा पहिली चूक, न मोजता टाकी उघडणं. दुसरी तिचीच बहीण, चुकीचं मोजणं. पंपाचा कनेक्टर काढायचा, त्यात मीटरच्या पिना खुपसायच्या, १२ व्होल्ट दिसले की ‘करंट ओके, पंप बाद’. अहो, कनेक्टर मोकळा असताना लोडच नसतो. वायरची एकच तार शाबूत असली, अर्थिंगच्या बोल्टवर गंज चढलेला असला, तरी मीटर १२ दाखवणारच. पंप चालू असताना, कनेक्टर जागेवर ठेवून, मागून पीन लावून मोजा. बॅटरीवर जेवढं दिसतं त्यापेक्षा व्होल्टभराहून जास्त खाली असेल तर पंप बिचारा निर्दोष आहे. रिले काढून त्याचं सोल्डरिंग बघा, फ्यूजची खाच बघा, अर्थिंगचा पॉइंट पॉलिश पेपरने घासा. मी फिल्टरसुद्धा याच पायरीवर बदलतो, कारण तुंबलेल्या फिल्टरमागे चांगला पंपही आजारी दिसतो. हे सगळं करून गाडी सुधारली की गिऱ्हाईकाचा चेहरा पडतो. पंपाचे पैसे वाचले याचा आनंद होण्याऐवजी ‘एवढंच होतं?’ म्हणतात.

आता माझा खास राग ज्या चुकीवर आहे ती. कोथरूडचा एक मुलगा, हिंजवडीत नोकरी, २००५ची आरएस हौसेने घेतलेली. काही महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये पंप बदललेला. नंतर गाडी चढाला झटके मारायला लागली, म्हणून कॉइल झाल्या, प्लग झाले, एअर मास सेन्सर झाला. माझ्याकडे आला तेव्हा टर्बोचं कोटेशन खिशात होतं. ‘काका, पंप तर नवाच आहे, त्याकडे नका बघू.’ बघितलं. आयडलला अडीच, नळी काढून ३. कागदावर सगळं झकास. मग गेज बॉनेटखालून बाहेर काढून काचेवर बाहेरच्या बाजूने टेपने चिकटवलं (पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीही घ्यायची नाही) आणि जुन्या कात्रज घाटात नेली. तिसरा गिअर, पेडल पूर्ण दाबलं. काटा वर जायच्या ऐवजी २वर आला.

टाकी उघडली. पंपाची मोटर खरंच नवी, चांगल्या कंपनीची. पण मोटरपासून टाकीवरच्या झाकणापर्यंत जी वीतभर नळी जाते, ती दुकानातल्या रोलमधून कापलेली साधी फ्युएल होज! बाहेरून पेट्रोलमध्ये बुडून ती पोहे भिजावेत तशी फुगली होती, हात लावला तर काळं बोटाला येत होतं, आणि क्लिपच्या कडेला उभी चीर. कमी गरज असताना चीर जेमतेम बंद राहायची. प्रेशर वाढलं की पंपाने उचललेलं पेट्रोल तिथल्या तिथे परत टाकीत. पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर त्याच रबराचा काळा गाळ.

साध्या नळीचं आतलं अस्तर पेट्रोलला टिकतं, बाहेरचा थर टिकेलच असं नाही. टाकीच्या आत बुडवायची नळी वेगळी येते, तिच्यावर एसएई जे३०आर१० असं छापलेलं असतं. ती साध्या नळीच्या कितीतरी पट महाग आहे, आणि म्हणूनच लोक टाळतात. नाहीतर पंपाच्या किटबरोबर येणारी नायलॉनची नळी वापरा. नळी दाखवली तर दुकानदार म्हणेल, ‘साहेब, हीपण पेट्रोलचीच आहे, काही होत नाही.’ त्याचं काही होत नाही, हे खरंच आहे. त्यात आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. जुन्या रबराचे लाड त्याने आणखी कमी केलेत.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

सोसायटीच्या बेसमेंटमध्ये हे काम करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचून राहते आणि कुठल्या स्विचची ठिणगी पुरते. उघड्यावर, बॅटरीचं निगेटिव्ह काढून, पावडरचा एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवून.

टाकी पाव भरलेली असताना या. फुल टाकी घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवतो.

झाकणाभोवतीची माती आधी ब्रशने आणि हवेने काढा. उघडल्यावर ती कुठे जाते, हे सांगायला नको.

झाकण धरून ठेवणारी मोठी प्लास्टिकची रिंग स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने ठोकायची नाही, दात तुटतात. मी लाकडाचा तुकडा वापरतो. आणि रिंग काढली की चहाला जाऊ नका. टाकीचं तोंड पेट्रोलच्या वाफेने फुगतं आणि रिंगचे आटे लागता लागत नाहीत. फार वेळ लागणार असेल तर ती हलकेच परत बसवून ठेवा.

झाकणाखालची ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, नवीच. जुनी फुगलेली असते, खाचेत बसत नाही. दाबून बसवलीत तर मागच्या सीटवर बसणाऱ्याला पेट्रोलचा वास.

झाकणावरचा बाण टाकीवरच्या खुणेसमोर यायला हवा, नाहीतर पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटचा दांडा अडकतो आणि डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा खोटं बोलतो. निळी नळी रिटर्नची, म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणारी. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, पण फ्लॅश बंद ठेवून आणि टाकी उघडण्याआधी.

‘मोठाच पंप टाका ना काका, पुढे रिमॅप करायचंय.’ रिमॅप म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं. मोठा पंप आयडललाही भरभरून देतो, रिटर्नच्या बारीक नळीतून ते सगळं जात नाही, रेग्युलेटर असूनही प्रेशर वर राहतं. वायरिंगही जुनंच, तेही तापतं. रिमॅप करा, पण ब्रेकचं बघून झाल्यावर.

पंप बसला की लगेच स्टार्टर मारत बसू नका. चावी फिरवून पंपाला लाइन भरू द्या, बंद करा, परत फिरवा. कोरडा चालवला तर नवा पंपही खराब होतो, त्याला थंड ठेवणारं आणि वंगण देणारं पेट्रोलच असतं. कायम रिझर्व्हवर गाडी फिरवणाऱ्यांचे पंप लवकर का जातात, तेही यातच आलं.

शेवटी पुन्हा गेज लावून चढावर. बूस्टमध्ये काटा आयडलपेक्षा सव्वा बारच्या आसपास वर गेला, तर सीट बसवा. नाही गेला, तर सीट डिकीतच राहू दे आणि नळी बघा.