व्हिएतनाममधून जर्मनीत माल आणताना या चुका टाळा

युरोपियन संघ आणि व्हिएतनाम यांच्यातील मुक्त व्यापार करार १ ऑगस्ट २०२० रोजी लागू झाला, आणि तेव्हापासून जर्मनीत आयातीचे काम पाहणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य सर्रास ऐकू येते : ‘माल व्हिएतनामचा आहे, म्हणजे शुल्क माफ.’ करारातील सवलत ठरावीक मालाला, ठरावीक पुराव्यावर आणि ठरावीक वर्षापासून मिळते. यांपैकी एक गोष्ट जरी हुकली तरी पूर्ण शुल्क भरावे लागते. जर्मनीत अशा खात्यांत काम करणाऱ्या किंवा तिथे स्वतःचा व्यवसाय उभा करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी, गाडे नेमके कुठे अडते ते येथे सविस्तर मांडतो आहे.

पहिली गफलत ‘जर्मनी-व्हिएतनाम करार’ शोधण्यापासूनच सुरू होते. सीमाशुल्काबाबत असा स्वतंत्र करार नाही, कारण शुल्क ठरवण्याचा अधिकार सदस्यदेशांनी संघाकडे सोपवलेला आहे. कंटेनर हॅम्बुर्गला उतरवला काय आणि रॉटरडॅमला उतरवला काय, शुल्काचा दर तोच राहतो. आकडेवारी वाचताना मात्र हा फरक लक्षात ठेवावा लागतो. रॉटरडॅमला उतरलेला बराच माल पुढे जर्मनीत जातो, त्यामुळे व्हिएतनामच्या निर्यातीचे आणि जर्मनीच्या आयातीचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही, आणि केवळ एका बाजूचे आकडे पाहून बाजारपेठेचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

सर्वांत महाग पडणारी चूक मालाच्या उत्पत्तीबाबत होते. माल व्हिएतनामहून निघाला म्हणजे तो कराराच्या भाषेत व्हिएतनामी ठरला, असे मुळीच नाही. शर्टाचेच उदाहरण घ्या. विणलेल्या कापडाच्या कपड्यांसाठी साधारण नियम असा आहे की कापड विणणे आणि कपडा बेतून शिवणे ही दोन्ही कामे करारातल्या देशांतच झाली पाहिजेत. दक्षिण कोरियातील कापडाला विशेष मुभा आहे. म्हणून भारतातून गेलेले सुती सूत व्हिएतनाममध्ये विणून तिथेच शिवले तर शर्टाला सवलत मिळू शकते, पण इचलकरंजीच्या मागावर विणलेले कापड हो ची मिन्ह शहरात नेऊन शिवले तर मिळत नाही. चिनी कापडालाही हेच लागू आहे, आणि व्हिएतनामचे कपडा कारखाने चिनी कापडावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असल्यामुळे ऑर्डर देण्यापूर्वीच कापड कोठून येणार हे लेखी विचारून घ्यावे. शिवणकाम झाल्यावर विचारून काहीही उपयोग नसतो.

वाटेतल्या मुक्कामाबाबतही असेच आहे. सिंगापूरला माल जहाज बदलून आला तर हरकत नाही, पण तिथल्या गोदामात तो फोडून नव्याने भरला किंवा त्यावर प्रक्रिया केली तर सवलत जाऊ शकते. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालपावतीवर, संपूर्ण प्रवास दिसतो की नाही हे आधीच तपासलेले बरे.

उत्पत्तीचा पुरावा दोन्ही दिशांना सारखा नसतो, आणि येथे अनुभवी माणसेही चुकतात. व्हिएतनामहून येणाऱ्या ६,००० युरोंपेक्षा जास्त किमतीच्या मालासाठी तिथल्या यंत्रणेने दिलेला ईयूआर-१ दाखला लागतो. त्याहून लहान खेपेला निर्यातदाराचे स्वतःचे निवेदन चालते. उलट जर्मनीहून व्हिएतनामला जाणाऱ्या मालासोबत निर्यातदाराचे निवेदनच जाते, फक्त ६,००० युरोंवरच्या खेपेसाठी तो नोंदणीकृत निर्यातदारांच्या ‘रेक्स’ या यादीत असावा लागतो. एका कंपनीत मी स्वतः पाहिलेले प्रकरण सांगतो. जहाज सुटल्यावर दाखला काढला होता, आणि तो तसा काढता येतो. पण तो मागाहून दिल्याची इंग्रजी नोंद सातव्या रकान्यात करायची राहिली होती. माल खरा, कारखाना खरा, सही-शिक्काही खरा, आणि तरीही दाखला परत आला. अशा वेळी पूर्ण शुल्क भरून माल सोडवून घ्यावा, दुरुस्त दाखला मागवावा आणि मग परताव्यासाठी अर्ज करावा. गोदामाचे भाडे भरत वाट पाहण्यापेक्षा हे बहुधा स्वस्त पडते.

जर्मन यंत्रे, औषधे किंवा मोटारी व्हिएतनामला पाठवणाऱ्यांनी कोणत्या वर्षी किती शुल्क लागते हे दाखवणारा करारातला तक्ता उघडल्याशिवाय दर सांगू नये. बहुतेक यंत्रांवरचे शुल्क पहिल्याच दिवशी गेले. मोटारींवरचे मात्र नऊ-दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरते.

आता कॉफी, कारण या दोन देशांमधली सर्वांत बोलकी वस्तू तीच आहे. कच्च्या, न भाजलेल्या साध्या कॉफीवर युरोपियन संघाचे शुल्क करारापूर्वीही शून्यच होते, त्यामुळे तिच्या बाबतीत ‘करारामुळे वाचलेले’ पैसे हिशेबात धरणे हीच चूक आहे. करार कामी येतो तो भाजलेल्या कॉफीला, जिच्यावर एरवी ७.५ टक्के शुल्क लागते. समजा, ८,००० युरो किमतीची १,००० किलो भाजलेली कॉफी आणली. ईयूआर-१ दाखला असेल तर ६०० युरो वाचतात. पण जर्मनीचा स्वतःचा कॉफी-कर भाजलेल्या कॉफीवर किलोमागे २.१९ युरो आहे, म्हणजे २,१९० युरो, आणि मालाची किंमत व हा कर यांच्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट, म्हणजे आणखी सुमारे ७१३ युरो. ‘शुल्क शून्य’ हे शब्द ऐकून विक्रीची किंमत ठरवणारा नवखा माणूस येथे हमखास तोट्यात जातो.

या कॉफीमागचा इतिहासही माहीत असावा. १९७७ च्या सुमारास पूर्व जर्मनीत कॉफीची तीव्र टंचाई झाली, आणि पुढे १९८० च्या दशकात त्या सरकारने व्हिएतनामच्या डाक लाक प्रांतात मळे उभारायला यंत्रे, ट्रक आणि वीजप्रकल्पासाठी मदत दिली. त्या मळ्यांचे पीक हाती येऊ लागले तोवर १९९० साल उजाडले आणि पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही. डाक लाक मात्र कॉफीचा प्रांत म्हणून वाढत गेला आणि आज व्हिएतनाम रोबस्टा या कॉफीच्या जातीचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक आहे.

त्याच डाक लाकमधल्या लहान शेतकऱ्यांशी आता सर्वांत नवी अडचण जोडलेली आहे. युरोपियन संघाच्या जंगलतोडविरोधी नियमानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून तयार केलेल्या जमिनीतली कॉफी संघात विकता येणार नाही, आणि प्रत्येक शेताचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. चार हेक्टरांपेक्षा मोठ्या शेताची पूर्ण हद्द द्यावी लागेल. अंमलबजावणी पुढे ढकलली गेल्यामुळे आणि व्हिएतनामला ‘कमी जोखमीचा देश’ असा दर्जा मिळाल्यामुळे अनेकांनी हा विषय बाजूला ठेवला आहे. कमी जोखमीच्या दर्जामुळे जोखीम-मूल्यमापनाच्या पायऱ्या कमी होतात, शेताचे ठिकाण देण्याची अट तशीच राहते. वीस फुटी कंटेनरात साधारण १९ ते २१ टन कॉफी मावते, आणि एक-दीड हेक्टरवाल्या शेतकऱ्यांचा माल गावातल्या खरेदीदाराकडे एकाच ढिगात पडतो. त्या ढिगातल्या एका शेताची माहिती नसेल तर संपूर्ण ढीग अडचणीत येतो. म्हणून चौकशी निर्यातदाराच्या कार्यालयात न थांबवता थेट त्या खरेदीदारापर्यंत न्यावी : पोती शेतकऱ्याच्या नावाने वेगळी ठेवली जातात का, ढीग एकत्र करण्यापूर्वी नोंद होते का, आणि ती नोंद पोत्यांबरोबर पुढे जाते का.