सनस्क्रीन लावूनही गाल काळवंडतात? या चुका टाळा

स्कूटर काढण्याआधी स्कार्फ गुंडाळायचा, सनकोट चढवायचा, सकाळी न चुकता सनस्क्रीन लावायचं. एवढं करूनही माझ्या गालांवर वांगाचे डाग आलेच. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "किती लावता?" मी बोटावर वाटाण्याएवढं घेऊन दाखवलं. चूक तिथेच होती.

ट्यूबवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा आकडा, ठरवताना दर चौरस सेंटीमीटर त्वचेवर २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. वाटाण्याएवढ्या क्रीमने तेवढा थर बसतच नाही. ट्यूबवर ५० लिहिलं असलं तरी गालाला त्याहून फार कमी संरक्षण मिळतं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढा. चेहऱ्याला आणि मानेला एवढं लागतं. चिकट वाटलं तर अर्धं लावा, जिरू द्या, मग उरलेलं लावा. कान आणि पावलं हमखास राहून जातात. ३० की ५० यावर फार डोकं शिणवू नका. नीट लावलं तर ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडवतं. महागडं जपून वापरण्यापेक्षा परवडणारं सढळ हाताने लावलेलं केव्हाही चांगलं.

दुसरी चूक म्हणजे चटका बसला तरच ऊन आहे असं समजणं. अतिनील किरण गरम लागत नाहीत. पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते ती वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. म्हणजे आपण ट्यूब कपाटात टाकतो त्या ऐन पावसाळ्यातही सूर्य माथ्यावरच असतो, आणि विरळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण खाली येतात. साधी खूण लक्षात ठेवा: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल, तर त्वचा झाका.

गाडीच्या काचा बंद आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. बाजूच्या साध्या काचेतून यूव्हीए, म्हणजे त्वचा काळवंडवणारे अतिनील किरण आत येतात. रोज गाडी चालवणाऱ्यांनी आपला उजवा हात डाव्याशी ताडून पाहावा. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो, म्हणून ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' किंवा 'पीए' या यूव्हीए-संरक्षणाच्या खुणेपुढची अधिक (+) चिन्हं बघून घ्या. वांग असेल तर डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही डाग गडद करतो; तिथे आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं.

बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा, घाम पुसल्यावर तर लगेच. दिवसभर खिडकीपासून लांब बसत असाल, तर निदान दुपारी बाहेर पडण्याआधी लावा.

आता कळकळीने सांगते, रापलेल्या त्वचेवर लिंबू चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे काळे डाग उरतात. चिठ्ठीशिवाय आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम तर चेहऱ्याला लावूच नका. सुरुवातीला गाल उजळ दिसतात, पण त्वचा पातळ होते आणि क्रीम थांबवलं की लाली, आग, पुरळ सुरू होतं. डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या चालू असतील तरीही ऊन लवकर बाधतं. डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीत ती तापते आणि सनस्क्रीन खराब होतं. पाणी सुटलं असेल किंवा वास बदलला असेल, तर ती सरळ टाकून द्या.