पक्षाघातानंतर वृद्धांचे पडणे टाळण्यासाठी

पक्षाघातानंतर घरी परतलेल्या वृद्ध व्यक्तीचा तोल सरळ चालण्याइतकाच उठताना आणि वळतानाही जातो, म्हणून सराव खुर्चीतून उठण्यापासूनच सुरू करावा. दोन्ही पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, धड पुढे झुकवावे आणि लुळ्या पायावरही शक्य तेवढा भार देत उठावे. केवळ चांगल्या पायावर उठण्याची सवय लागली की दुसरा पाय अधिकच दुबळा होतो. आधार देणाऱ्याने दुबळ्या बाजूला उभे राहून कमरेच्या पट्ट्याला धरावे. लुळा हात ओढून उठवणे हा घरोघरी दिसणारा प्रकार खांद्याचा सांधा निखळवू शकतो, तो कटाक्षाने टाळावा.

काठी चांगल्या हातात असावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी टाकावा. रात्री लघवीला उठताना आधी काही वेळ पलंगावर बसावे, कारण एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. न्हाणीघरात भिंतीला घट्ट बसवलेला दांडा हवा. टॉवेलच्या दांडीवर विसंबू नये.

प्रगती पाहण्यासाठी फिजिओथेरपिस्ट एक सोपी चाचणी घेतात: खुर्चीतून उठून 3 मीटर चालायचे, वळायचे आणि परत येऊन बसायचे. यास 12 सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका वाढलेला मानतात. चाचणीच्या वेळी शेजारी कोणीतरी उभे असावेच.