कोल्हापूरची वस्तुसंग्रहालये कशी पाहावीत

कोल्हापुरात आलेला पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरफटका मारतो, तांबडा-पांढरा रस्सा जेवतो आणि उरलेल्या तासाभरात नवा राजवाडा उरकतो. या शहरातील वस्तुसंग्रहालयांवर हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी पन्हाळ्याहून येथे आली आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत ती येथेच राहिली. त्यामुळे राजवाडा, दरबारी चित्रकारांची चित्रे, उत्खननात सापडलेल्या वस्तू आणि त्या ज्या जागी सापडल्या ते टेकाड, हे सारे एकाच शहरात, रिक्षाच्या अंतरावर आहे. संग्रहालयात वस्तू नीट पाहायची आणि मग तिच्या मूळ ठिकाणी जाऊन उभे राहायचे, ही सोय फार थोड्या शहरांत मिळते. कोल्हापूरची भेट या सोयीभोवतीच आखावी.

दिवस निवडताना सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी संग्रहालये बंद असतात. नवरात्रात आणि सलग सुट्ट्यांमध्ये मंदिराकडील रस्ते गर्दीने भरून जातात, म्हणून तेव्हा शहरात स्वतःची गाडी फिरवण्याच्या फंदात पडू नये. सकाळी टाऊन हॉल, जेवणानंतर नवा राजवाडा आणि उन्हे उतरल्यावर रंकाळा, हा क्रम सोयीचा पडतो.

सुरुवात टाऊन हॉलपासूनच करावी. सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेतील ही इमारत १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मँट या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार उभी राहिली. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झाले आणि तेथील वस्तू ठेवण्यासाठी सुरू झालेले संग्रहालय पुढे या इमारतीत आले. या संग्रहातील सर्वांत मोलाची वस्तू आकाराने इतकी लहान आहे की घाईत असलेला माणूस तिच्यावरून सहज पुढे निघून जातो. ती आहे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती. ती वीतभरही उंच नाही आणि तिच्या हातातील त्रिशूळ काळाच्या ओघात नाहीसा झाला आहे. ती आधी समोरून पाहावी, मग शक्य तितके बाजूला सरकून पाहावी. म्हणजे एका पायावर तोललेला देहाचा भार, स्नायूंची ठेवण आणि त्रिशूळाविना रिकामा राहिलेला हात लक्षात येतो, आणि शेजारच्या दगडी मूर्तींपेक्षा हे घडवणारा हात वेगळ्या परंपरेतला आहे, हे कोणी सांगावे लागत नाही. सातवाहनांच्या काळात कोकणातील बंदरांतून घाट चढून येणारा व्यापार रोमन जगाशी जोडलेला होता. समुद्रापासून इतक्या आत समुद्राचा देव कसा आला, याचे उत्तर त्या व्यापारात आहे. अशा नामवंत वस्तू कधीकधी बाहेरच्या प्रदर्शनांसाठीही पाठवल्या जातात, म्हणून मूर्ती दिसली नाही तर तेथील कर्मचाऱ्यांना अवश्य विचारावे. बाहेर पडल्यावर थेट पंचगंगा घाटाकडे जावे आणि ब्रह्मपुरीचे टेकाड पाहावे. आज तेथे वस्ती आहे, पण नदी आणि उंचवटा यांचे नाते पाहिले की प्राचीन काळी लोकांनी राहण्यासाठी हीच जागा का निवडली, ते समजते.

याच संग्रहालयातील चित्रांसाठी वेगळा वेळ राखून ठेवावा. राजर्षी शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे येथे आहेत, आणि माझ्या मते कोल्हापूरच्या चित्रपरंपरेत शिरण्याचा याहून चांगला दरवाजा नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा माणूस पुढे आयुष्यभर कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेचा परिसर रंगवत राहिला. चित्र आधी चार पावले मागे उभे राहून पाहावे, मग जवळ जावे. लांबून सलग दिसणारा प्रकाश जवळून रंगाच्या सुट्या सुट्या स्पर्शांचा होतो. काचेवर खिडकीचे प्रतिबिंब पडत असेल तर थोडे तिरके उभे राहावे. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर आबालालांनी आपली असंख्य चित्रे रंकाळ्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. जे उरले आहे ते म्हणूनच जपून, सावकाश पाहावे.

नव्या राजवाड्याचे काम १८७७ ते १८८४ या काळात झाले आणि त्याचा आराखडाही मँट यांचाच होता. त्यामुळे सकाळी टाऊन हॉलचे उंच, टोकदार छप्पर पाहिलेल्या माणसाला येथील काळ्या दगडाचे बांधकाम, कमानी आणि घड्याळाचा मनोरा यांत त्याच वास्तुविशारदाने एतद्देशीय शैलीला किती जागा दिली, हे ताडून पाहता येते. तळमजल्यावरील शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालयात शस्त्रे, पोशाख, हत्तीवरील अंबारी आणि शाहू महाराजांच्या वापरातील वस्तू आहेत. पेंढा भरलेल्या वाघ-बिबट्यांसमोर मुले रमतात, परंतु सगळा वेळ तेथेच जाऊ देऊ नये. दरबार हॉल गाठावा आणि शिवचरित्रातील प्रसंग दाखवणाऱ्या रंगीत काचा मान वर करून एकेक वाचाव्यात. बाहेर ऊन असेल तेव्हा त्या विशेष खुलतात. आत छायाचित्रणाला मनाई आहे, म्हणून छोटी वही जवळ ठेवावी.

मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतील चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालयात जावे. चित्रपटांतील नायक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कलावंताने आपले घर आणि चित्रे शासनाच्या स्वाधीन केली. रंगाची पूड बोटांनी कागदावर उतरवून केलेली त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रे आबालालांच्या चित्रांनंतर पाहावीत. त्याच दिवशी कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेस हे शाहू महाराजांचे जन्मस्थळही पाहता येते. कणेरी मठावरील ग्रामजीवनाचे संग्रहालय मात्र शहराबाहेर आणि उघड्यावर पसरलेले असल्याने या दौऱ्यात कोंबू नये. त्यासाठी पाऊस नसलेली एक वेगळी सकाळ ठेवावी.