अपलाचियन ट्रेलवर ग्रुप जमला तर हे आधीच ठरवून ठेवा

अमेरिकेतला अपलाचियन ट्रेल हा लांब पल्ल्याचा पायवाटेचा मार्ग पूर्ण चालणार असाल, म्हणजे जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिन डोंगरापर्यंत, १४ राज्यं आणि साधारण ३५०० किमी, तर पहिल्या आठवड्यातच चारपाच जणांची गट्टी जमते, एकमेकांना ट्रेलनेम (ट्रेलवरची टोपणनावं) पडतात, रात्री शेल्टरमध्ये, म्हणजे ट्रेलवरच्या मुक्कामाच्या साध्या झोपडीत, सोबत जेवण होतं आणि मग वाटतं की शेवटपर्यंत सगळे एकत्रच जाऊ. इथेच गडबड होते. दुसऱ्याच्या स्पीडने चालू नका प्लीज, गुडघे आणि घोटे त्यातच जातात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत तर शरीराला अजून सवयही झालेली नसते.

त्यापेक्षा दिवसभर आपापलं चाला आणि फक्त रात्रीचं शेल्टर किंवा पुढचं गाव ठरवा. हॉट स्प्रिंग्स, डमॅस्कस ही गावं बेस्ट, कारण ट्रेल थेट गावातूनच जातो, पुढे गेलेले तिथे एक झीरो डे, म्हणजे अजिबात न चालता विश्रांतीचा दिवस, घेतात आणि मागे राहिलेला माणूस त्यांना गाठू शकतो. रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, म्हणून शेल्टरमधल्या वहीत तारीख टाकून दोन ओळी लिहून जा, मागून येणारा ती वाचतोच, आणि थकून आल्यावर आपल्यासाठी कुणीतरी लिहिलेलं दिसलं की किती बरं वाटतं ते तिथेच कळतं.

अजून एक, आणि हे खरंच महत्त्वाचं आहे: तंबू, स्टोव्ह, पाण्याचा फिल्टर वाटून घेऊ नका. वजन वाचतं हो, पण एकाला घरी परतावं लागलं तर दुसरा अडकतो.